तळटिपेतली वीस वर्षे

जुनी लष्करी विमाने पाहण्यासाठी मोटारीने फिरण्याचा बेत आखणारे लोक सामान्यतः नकाशावर संग्रहालयांची नावे टिपतात आणि ती रस्त्यांनी जोडतात. त्यात वावगे काही नाही. मात्र अमेरिकेत अशी संग्रहालये इतकी आहेत की, हा मार्ग धरला तर चौथ्या-पाचव्या हँगरपर्यंत पोहोचेतो सगळी विमाने सारखीच दिसू लागतात आणि प्रवास म्हणजे केवळ हजेरीपट ठरतो. आम्ही बेत आखायला बसलो तेव्हा संग्रहालयांऐवजी एका विमानाचा माग काढायचे ठरवले. हे विमान म्हणजे बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान. त्यातही आम्हांला हवी होती ती मोजकीच लिबरेटर विमाने, जी कधीकाळी भारतीय हवाई दलात होती आणि ज्यांतली काही पुण्याच्या लोहगाव तळावरून अरबी समुद्रावर टेहळणीसाठी उडत असत. त्यांची आजची ठिकाणे शोधू गेल्यास अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, ओटावा, इंग्लंड आणि दिल्ली अशी यादी हाती येते. पुण्याच्या आकाशातून ही विमाने इतक्या दूर कशी गेली, हा एक प्रश्न. तेथे पोहोचल्यावर त्यांच्या अंगावरचा भारत कोठे गेला, हा दुसरा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न अधिक ओळखीचा वाटेल.

पहिल्याचे उत्तर कानपूरपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात १८,००० हून अधिक लिबरेटर बांधली गेली. कोणत्याही अमेरिकी लष्करी विमानाचे इतके उत्पादन त्याआधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. ‘लिबरेटर’ हे नाव मात्र इंग्रजांनी दिलेले. ‘मुक्तिदाता’ नावाची विमाने पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानच्या धावपट्ट्यांवरून उडत होती, याची गंमत त्या काळी कोणाला वाटली असेल-नसेल. आज ती नजरेआड करणे कठीण आहे. ही विमाने ब्रिटिश हवाई दलाला ‘लेंड-लीज’ कराराखाली मिळालेली होती. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेला परत करायची, विकत घ्यायची किंवा नष्ट करायची, असे पर्याय होते. परत नेण्याचा खर्च कोणालाच नको होता आणि विकत घेण्याची ऐपत युद्धाने खंगलेल्या ब्रिटनपाशी नव्हती. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर जमा झालेली लिबरेटर निकामी करून सोडून देण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणांवर हातोडे चालवले, काही विमाने यारीने उचलून खाली आपटली, अशा हकिकती आहेत. पुढची दोन-अडीच वर्षे पावसाळे आणि गवत यांनी उरलेले काम केले.

१९४८ साली नव्या भारताला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि ती विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने या मोडीकडे पाहिले. ही कंपनी १९४० साली वालचंद हिराचंदांनी उभारली. मूळचे सोलापूरचे हे उद्योगपती जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे एकाच हट्टाने लागलेले होते. युद्धकाळात तिच्या कारखान्यात अमेरिकी विमानांची दुरुस्ती झालेली असल्याने कामगारांचे हात तयार होते. कानपूरच्या गवतात पडलेल्या विमानांतून धड भाग निवडायचे, एकाचे इंजिन दुसऱ्याला आणि तिसऱ्याचे सुकाणू पहिल्याला बसवायचे, विमान बंगळूरपर्यंत कसेबसे उडेल एवढेच करायचे आणि खरी डागडुजी तेथे करायची, अशी ही पद्धत होती. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी विमाने एकामागून एक कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. एकूण ४२ विमाने अशी पुन्हा उभी राहिली. ज्या यंत्राच्या निर्मात्यांनी ते यंत्र संपले असे समजून पाठ फिरवली होती, त्याच्या आत बसून उड्डाण करणाऱ्या या माणसाचे नाव मराठीत आम्हांला क्वचितच वाचायला मिळाले; विमानविद्येवरच्या आपल्या पुस्तकांतही ते दोन ओळींपलीकडे जाऊ नये, हे खेदाचे आहे.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरला ५ क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरांनिशी उभी राहिली. १९५१ साली ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात आली आणि तिच्याकडे सागरी टेहळणीचे काम सोपवण्यात आले. लिबरेटरचा पंख लांब आणि अरुंद असल्याने ते फार वेळ हवेत राहू शके. अटलांटिकवर पाणबुड्या हुडकताना इंग्रजांना आणि कॅनेडियनांना जो गुण उपयोगी पडला, तोच आता पश्चिम किनाऱ्याच्या कामी आला. १९६८ च्या अखेरीस लिबरेटर निवृत्त झाली. म्हणजे या विमानांनी भारतीय चिन्हाखाली वीस वर्षे काढली. इतर देशांच्या लढाऊ सेवेतून ती तोवर केव्हाच गेली होती.

अमेरिकेतली त्यांची भावंडे कोठे होती? युद्ध संपताच ती हजारोंनी वितळवून अ‍ॅल्युमिनियमच्या लाद्या करण्यात आली. श्रीमंत देशाला जुने ठेवून घेण्याची गरज नव्हती. पुढे १९६० च्या दशकात जेव्हा अमेरिकी, ब्रिटिश आणि कॅनेडियन संग्रहालयांना आपल्या युद्धाची आठवण म्हणून लिबरेटर हवे झाले, तेव्हा ते घरी सापडेना. जगात जी उडण्याजोगी लिबरेटर उरली होती त्यांतली मोठी संख्या भारताकडे होती. संस्कृतच्या अभ्यासकांना येथे भासाची नाटके आठवतील. उत्तरेत ज्यांची केवळ नावे उरली होती ती नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातल्या पोथ्यांत टी. गणपतिशास्त्री यांना मिळाली. जेथे एखादा ग्रंथ सतत वापरात आणि हाताळणीत राहतो, तेथे तो टिकतो; मग ते ठिकाण मूळ गावापासून कितीही दूर असो.

भारतातून बाहेर गेलेल्या लिबरेटरांचा क्रम असा. कॅनडाने १९६८ साली एक मिळवले आणि त्याच्या बदल्यात भारताला वेस्टलँड लायसँडर जातीचे एक जुने विमान दिले. १९६९ साली एक विमान टूसॉनला, आज ज्याला पिमा एअर अँड स्पेस म्यूझियम म्हणतात त्या संग्रहासाठी, गेले. संग्रहालय लोकांसाठी खुले होण्यास अजून सात वर्षे होती. १९७३ मध्ये एक अमेरिकी संग्राहकाकडे गेले आणि पुढे फ्लोरिडातल्या पोक सिटी येथील ‘फँटसी ऑफ फ्लाइट’ या संग्रहात विसावले. १९७४ साली भारतीय हवाई दलाने एक विमान ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्यूझियमला भेट दिले. शेवटचे १९८१ साली एका इंग्रज संग्राहकाने विकत घेतले. १९८४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे आले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर १९८९ मध्ये पुन्हा आकाशात गेले. सहावे पालमच्या हवाई दल संग्रहालयात राहिले.

आता रस्ता. आरंभ आम्ही मिशिगनमधल्या विलो रन येथून करणार आहोत. तेथे संग्रहालयासाठी जायचे नसून जन्मस्थळासाठी जायचे आहे. फोर्ड कंपनीने मोटारी जोडण्याच्या पद्धतीने तेथे ८,६०० हून अधिक लिबरेटर बांधली. ऐन भरात असताना दर तासाला एक विमान बाहेर पडे. ओटावातले आणि ब्रिटनमधले विमान याच कारखान्यातले, तर टूसॉन, पोक सिटी आणि कॉलिंग्ज ही तिन्ही टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची. कारखान्याचा बराचसा भाग आता पाडला गेला आहे. राखून ठेवलेला तुकडा पाहायला अर्धा दिवस पुरतो. तेथून डेट्रॉइटच्या पलीकडे कॅनडाची हद्द लागते आणि टोरोंटोवरून ओटावा सुमारे साडेआठशे किलोमीटर पडते. केवळ अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसावर ही सीमा ओलांडता येत नाही, म्हणून भारतातून येणाऱ्यांनी कॅनडाच्या व्हिसाची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. ओटावाहून मॅसॅच्युसेट्स साडेसहाशे-सातशे किलोमीटर, तेथून फ्लोरिडाचे पोक सिटी दोन हजारांच्या वर, आणि मग मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूने, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, एल पासो अशी वाट धरून टूसॉन आणखी तीन हजारांहून अधिक. सारे मिळून सात हजार किलोमीटरच्या घरात जाते. सप्टेंबरच्या अखेरीस उत्तरेकडून निघून ऑक्टोबरअखेर अ‍ॅरिझोनात पोहोचावे, म्हणजे ओटावाचे बर्फ आणि टूसॉनचा उन्हाळा दोन्ही चुकतात. फ्लोरिडातल्या वादळांचा मोसम तेवढा चुकवता येत नाही. पोक सिटीचे संग्रहालय २०१४ मध्ये पूर्वीच्या स्वरूपात बंद झाले, त्यामुळे तेथे आधी विचारूनच जावे. कॉलिंग्जचे विमान अनेक वर्षे गावोगाव फिरत असे आणि लोकांना पैसे घेऊन आकाशात नेत असे. त्याच संस्थेचे बी-१७ विमान ऑक्टोबर २०१९ मध्ये कोसळून सात जण मृत्युमुखी पडले आणि पुढच्या वर्षी प्रवासी नेण्याची तिची परवानगी काढून घेण्यात आली. तेव्हा फाउंडेशनकडे चौकशी करून मगच गाडी तिकडे वळवावी.

एवढा खटाटोप करून त्या विमानांपुढे उभे राहिल्यावर काय दिसणार? टूसॉनमधल्या विमानावर ‘बंगी बकरू’ असे नाव रंगवलेले आहे. बंगी हे इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातले गाव. तेथून अमेरिकेचा ४४६ क्रमांकाचा बॉम्बर गट जर्मनीवर उड्डाणे करीत असे. कॉलिंग्जचे विमान आधी ‘ऑल अमेरिकन’ होते, मग पॅसिफिकमधल्या एका विमानाचे रूप घेऊन ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ झाले, आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’ झाले. मूळ ‘विचक्राफ्ट’ हे नॉरफोकमधल्या रॅकहीथ तळावरून १३० मोहिमा पार पाडलेले विमान होते, आणि युद्धानंतर तेही भंगारात गेले. (पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे टोपणनाव ‘ड्रॅगन्स’. म्हणजे ड्रॅगन रंगवला तोही दुसऱ्याचाच.) ओटावातले विमान कॅनेडियन हवाई दलाच्या रंगांत आहे. भारतातून आलेल्या यांपैकी एकही विमान ज्या देशात त्याने सर्वाधिक वर्षे काढली त्याच्या चिन्हासह उभे नाही. ब्रिटनमधल्या विमानाचे रूप तेवढे त्याच्या स्वतःच्या आयुष्यातले: ते १९४५ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये कोकोस बेटांवर होते, आणि आज त्याच रूपात उभे आहे. तेथेही आयुष्यातले काही महिने रंगाला मिळाले आणि वीस वर्षे मिळाली नाहीत.

हा लबाडीचा मामला आहे असे आम्ही म्हणणार नाही. ही संग्रहालये आपल्या विमानांचा भारतीय पूर्वेतिहास लपवत नाहीत. माहितीत तो नोंदलेला असतो. प्रश्न जागेचा आहे. पुण्यातच १९१९ ते १९६६ या काळात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, आणि तिच्या उत्तरार्धात लोहगावची लिबरेटर त्याच शहरावरून जात-येत होती. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पोथ्या ताडून एक पाठ वर छापला आणि बाकीचे पाठभेद खाली दिले. त्या आवृत्तीवर वाद झाले ते याच मुद्द्यावर: लोकांनी शतकानुशतके जो मजकूर महाभारत म्हणून ऐकला, तो खाली किंवा परिशिष्टात का जावा? परंतु सुकथनकरांपाशी निकष होता. तो मान्य करा वा न करा, जो पाठ पोथ्यांच्या साक्षीने सर्वांत जुना ठरतो तो वर. विमानाच्या संपादकाचा निकष काय? सर्वांत जुने रूप म्हणावे, तर टूसॉनचे विमान ब्रिटिश हवाई दलाच्या रंगांत हवे, कारण ते कारखान्यातून त्यांच्याकडेच गेले. सर्वांत दीर्घकाळचे रूप म्हणावे तर ते भारतीय हवे. ‘बंगी बकरू’ या दोन्हींत बसत नाही. तेथे एका पोथीवर दुसऱ्याच, नष्ट झालेल्या पोथीचा मजकूर उतरवला आहे. भाषाशास्त्राच्या कडक भाषेत तो प्रक्षेप होय.

इतके म्हटल्यावर नॉर्विचचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्लंडमधून लिबरेटर उडवणारे हे सगळे अमेरिकी गट, बंगीचा आणि रॅकहीथचा दोन्ही, सेकंड एअर डिव्हिजनचे होते. तिचे सुमारे सात हजार तरुण मारले गेले. वाचलेल्यांनी त्यांच्यासाठी पुतळा किंवा स्तंभ न उभारता नॉर्विच शहरात ग्रंथालय स्थापले. ते १९६३ साली उघडले, १९९४ च्या आगीत जळाले आणि २००१ मध्ये पुन्हा उभे राहिले. मेलेल्या वैमानिकांच्या नावाने पुस्तके विकत घेणारी माणसे आम्हांला फार जवळची वाटतात. त्यांची नातवंडे टूसॉनला किंवा मॅसॅच्युसेट्सला एखाद्या लिबरेटरखाली येऊन उभी राहतात, तेव्हा त्यांना आजोबांच्या गटाचे नाव वर पाहायचे असते. अशोकचक्राच्या काळातली सागरी टेहळणी त्यांच्या दुःखाला काय कामाची? ज्या विमानांतून ते आजोबा गेले त्यांतले एकही उरले नाही. जे उरले ते पुण्या-कानपूरकडून आलेले. त्यालाच त्या मृतांचे नाव धारण करावे लागले. एकाच पत्र्यावर दोन स्मृतींचा हक्क पडतो आणि रंगाचा थर एकच देता येतो, हा पेच कोणत्याही संपादकाला सहजी सोडवता येण्याजोगा नाही. तरीही ज्या हातांमुळे तो पत्रा शिल्लक राहिला, त्या बंगळूरच्या कामगारांना आणि जमशेद मुन्शींना वरच्या पाठात एखादा शब्द मिळावा, एवढी मागणी आम्हांला अवास्तव वाटत नाही.

आणि हा आरोप आपल्यावरही येतो. कॅनडाकडून अदलाबदलीत आलेले लायसँडर पालमला आहे. भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशात करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली लायसँडरांतून जी कामगिरी केली, तिचे प्रतिनिधी म्हणून ते तेथे उभे आहे. स्क्वाड्रनची ती विमाने मुंबईच्या युद्धनिधीतून आलेली होती, म्हणून तिला मुंबईचे नावही मिळाले होते. त्या विमानांपैकी एकही आपल्यापाशी नाही. पालमचे लायसँडर ब्रह्मदेशात कधी गेले नाही, मुंबईशी त्याचा संबंध नाही. त्याचे आयुष्य गेले कॅनडात. ते आयुष्य आपण कितीसे ठळक लिहितो? ओटावाने आपल्या लिबरेटरला जे केले, तेच दिल्लीने ओटावाच्या लायसँडरला केले आहे, आणि दोघांचीही कारणे सारखीच समजण्याजोगी आहेत.

म्हणून आमच्या बेतात अमेरिकेनंतर भारताचा तुकडा जोडला आहे. बंगळूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचे वारसा संग्रहालय आहे. कानपूरहून आलेली विमाने ज्या आवारात उभी राहिली त्याच्या शेजारी एक दिवस घालवावा असे मनात आहे. तेथून गोव्याला, दाबोळीजवळच्या बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात जाता येते. ते १९९८ साली सुरू झाले. तेथे उघड्यावर उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन विमान आमच्या गोष्टीचा पुढचा अध्याय आहे: एअर इंडियाची ही प्रवासी विमाने १९६० च्या दशकात हवाई दलाकडे आली, पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये त्यांनी लिबरेटरांची जागा घेतली आणि १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्याची तब्येत पाहून टूसॉनच्या कोरड्या हवेचा हेवा वाटेल, याची तयारी ठेवावी. गोव्याहून पुणे साडेचारशे किलोमीटर. लोहगावला थांबून पाहण्यासारखे संग्रहालय नाही, विमानतळाच्या वाहनतळावर दहा मिनिटे आकाशाकडे पाहता येईल तेवढेच.

पालम शेवटी ठेवले आहे. सहा विमानांपैकी भारतीय चिन्हांसह उरलेले लिबरेटर तेवढेच, आणि ते उघड्या अंगणात ऊन-पाऊस झेलते. लायसँडर आत, छपराखाली आहे. दोघांमध्ये चालत दोन-तीन मिनिटांचे अंतर असेल.